गुळाच्या गुदामातले बेकार

बोलक्या माणसांकडे किस्से टिकत नाहीत. आले की खर्च! साचतात ते आमच्यासारख्या गप्प माणसांकडे. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी इतका वेळ खाली मान घालून उभी राहिले, की मागून कुणीतरी मावशी सासूबाईंना म्हणाली, "बोलता येतंय नव्हं पोरीला? आधी बघून घेतलंय का?"

तर आता लग्नाला वर्ष होत आलं, आणि डोक्यात एवढं साचलंय की लिहून मोकळं होण्याखेरीज इलाज नाही.

माझं ऑफिस उचगावला, एका जुन्या गुळाच्या गुदामात. बरीच वर्षं कामाविना घरी बसलेल्यांना पुन्हा कामाला लावायची सरकारची एक योजना आहे. तिचं नाव इतकं लांब, की पेंटरनं मोठ्या हौसेनं टपोरी अक्षरं काढली आणि निम्म्या नावातच बोर्ड संपला. मग गावानं आपलं नाव ठेवलं, 'बेकारांची शाळा'. काही महिने फौंड्रीचं काम शिकायचं, म्हणजे मातीत साचा करून त्यात धातूचा रस कसा ओततात ते. महिन्याला थोडा स्टायपेंड. शेवटी शिरोली एमआयडीसीतले कारखानदार येऊन पसंत पडतील ती माणसं घेऊन जाणार.

गूळ केव्हाच गेला होता, पण वास आणि मुंगळे राहिले होते. सरकारी फायलींना मुंगळे लागतात असं ऑफिस दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही!

स्टाफ म्हणाल तर तिघं. पाटणकर साहेब, हे थेट पुण्याहून बदलून आलेले. शिंदे मास्तर, म्हणजे काम शिकवणारे; जन्म भट्टीसमोर गेल्यानं त्यांच्या भुवया भट्टीनंच नेलेल्या. आणि क्लार्क मी. साहेब मला 'मॅडम' म्हणत. बाकी सगळे, पहिल्या दिवसापासून, 'वैनी'.

*

योजनेत यायची अट एकच. माणूस खरोखर बरीच वर्षं बेकार असला पाहिजे.

एरवी बेकारी म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. पण इथं रांगेतच चढाओढ लागली. "मी गणपतराव सरपंच वारले तवापास्नं घरात हाय!" "तवा? तवा मी घरात बसून कंटाळलो हुतो!" साहेब हैराण. शेवटी म्हणाले, "असं तोंडी चालणार नाही. तुम्हाला नीट ओळखणारा, जबाबदार असा एक माणूस बरोबर आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरचा उजेड एकदम गेला, म्हणून मी मान वर केली. दारात हिंदुराव पैलवान उभे होते. एके काळी आमच्याच गल्लीतल्या तालमीचं नाव गाजवलेला गडी. गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि कुस्तीशिवाय दुसरं काही न शिकल्यामुळे पुढं काही धरताच आलं नाही. त्यांच्या मागून एक फेटेवाले म्हातारे आत आले.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"सासरं. मुरगूडचं," पैलवान म्हणाले. "माझ्या बेकारीचा ह्यांच्यापरास जबाबदार साक्षीदार कुठनं आणू सायेब?"

साहेबांनी खुर्ची पुढं केली. म्हातारे बसले नाहीत. उभ्यानंच सुरू झाले. "लिवून घ्या. लगीन ठरलं तवा म्हणालते, गदा आणणार. न्हाय आणली. मग म्हणालते, पोलिसात घेणार हायत. न्हाय घेतलं. सकाळी दूध पितो, सांजचं दूध पितो. म्हस कुणाची? माझी! लेकीला म्या दिलेली!"

पैलवान आपले खाली मान घालून, प्रत्येक वाक्याला "व्हय, बरोबर हाय" म्हणत होते.

"बास, बास, आजोबा," साहेब म्हणाले. "यांची निवड झाली."

म्हातारे नाराज झाले. "सायेब, अजून दिवाळसणाचं सांगायचं ऱ्हायलंय की!"

*

फौंड्रीत पायात बूट पाहिजेतच. रस सांडला तर पाय गेला. सरकारनं सगळ्यांना जाडजूड काळे बूट दिले आणि साहेबांनी त्यावर छोटं भाषणही केलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर शेडच्या दाराबाहेर बुटांची रांग. देवळाबाहेर असते तशी!

शिंदे मास्तरांचं डोकं फिरलं. "कुणाची अक्कल ही?"

"माझी," पैलवान म्हणाले. "आत माती हाय मास्तर. मातीवर पायताण घालून कोण जातं का?" तालमीत कुस्तीच्या मातीचा हौदा असतो, त्याची सवय. आत पाऊल टाकायच्या आधी ते वाकून चिमूटभर माती कपाळाला लावायचे. त्यांचं बघून बाकीचेही लावायला लागले. ज्यांनी जन्मात कुस्ती केली नव्हती, तेसुद्धा!

"अरं, ही काळी माती हाय, कोळशाची पूड घातल्याली! कपाळं बघा तुमची!" मास्तर ओरडले. "आणि पाय भाजलं तर काय हौद्यात नेऊन बुडवू?"

मास्तर साहेबांना बोलवायला धावले. साहेब तावातावानं आले. दारापर्यंत आले. बुटांची ती सरळ रांग बघितली, आतून येणारी शांतता ऐकली, आणि काय झालं कोण जाणे, एका हातानं दाराची चौकट धरून त्यांनी स्वतःचे बूट काढले.

साहेब सुरक्षिततेवर बोलले ते मोज्यांवर उभं राहून!

(नंतर तोड निघाली. माती दाराबाहेर एका घमेल्यात ठेवायची, कपाळाला लावायची, आणि मग बूट घालून आत जायचं. सरकारी नियमही पाळला गेला आणि मातीचा मानही.)

*

पैलवानांच्या बायकोचं नाव शेवंता. दुधाचा धंदा तिचाच. कोल्हापुरात दूध कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर काढून देतात हे आम्हाला काही नवीन नाही. पण पाटणकर साहेब पुण्याचे. त्यांचं दूध आजवर बाटलीतून आलेलं.

एक दिवस शेवंता म्हैस घेऊन थेट गुदामाच्या फाटकात! "सायेब कुठं हायत? माझ्या माणसाला शाळंत घेतलं, त्यास्नी दूध पाजल्याबगार जाणार न्हाय."

साहेब बाहेर आले. "अहो बाई, कशाला... बरं, अर्धा कप द्या. चहात टाकतो."

"चात?" शेवंतानं म्हशीकडे असं बघितलं, जणू म्हशीनं हे ऐकलं नसलं तर बरं. मग खाली बसली, पितळी पेला धरला, आणि धार काढून फेसानं काठोकाठ भरलेला पेला साहेबांच्या हातात दिला. "हितंच. उभ्यानं. ऊन हाय तवर."

सगळी शाळा बघत होती. साहेबांनी डोळे मिटले आणि प्यायले. पेला खाली आला तेव्हा मिशी पांढरी झाली होती. 

"कसं हाय?"

मिशी पुसत साहेब म्हणाले, "उद्या... किती वाजता येणार तुम्ही?"

जाताना ती माझ्या टेबलाशी आली. आवाज एकदम खाली. "वैनी, लावा हो त्यास्नी कुठंतरी. पैशाचं न्हाय. म्हस हाय, मी हाय, भागतंय. पर माणूस घरात बसून बसून बारीक हुतोय."

मी खिडकीतून पैलवानांकडे बघितलं. दार भरून उभे होते. पण ती काय म्हणत होती ते मला कळलं.

*

कांबळे म्हणून एक होते. बी.ए., सेकंड क्लास. दहा वर्षांत त्यांनी इतके इंटरव्ह्यू दिले होते, की बुटांचे तळ झिजले होते. बोलणं शांत, कपडे इस्त्रीचे. साच्यातली माती त्यांच्या शर्टाला कधी लागली नाही. त्याही कामाची त्यांनी एक स्वच्छ पद्धत काढली होती.

शिरोलीचे कारखानदार यायचे होते, म्हणून साहेबांनी सगळ्यांची इंटरव्ह्यूची तालीम घ्यायचं ठरवलं. प्रश्न विचारायला कांबळे. "तुम्हाला अनुभव आहे," साहेब म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन खोकले.

कांबळे साहेबांच्या खुर्चीत बसले. बसताक्षणी माणूस बदलला! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे, मान हलवायची आणि म्हणायचं, "ठीक आहे. आम्ही कळवू."

पैलवानांना विचारलं, "इतकी वर्षं काय केलंत?"

"दूध प्यालो."

"ठीक आहे. आम्ही कळवू."

सगळे पडले. मग साहेब म्हणाले, "थांबा, मी दाखवतो उत्तरं कशी द्यायची," आणि स्वतः समोर जाऊन बसले. काय उत्तरं दिली! शिक्षण, नोकरी, बढती, सगळं घडाघड. कांबळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. समोर नसलेला एक कागद बाजूला सारला.

"ठीक आहे. आम्ही कळवू."

"म्हणजे काय?" साहेब खरंच दुखावले. "माझ्यात काय कमी आहे?"

कांबळे उठले, खुर्ची मोकळी करून दिली आणि म्हणाले, "सर, हेच विचारत मी दहा वर्षं घरी गेलो."

 आधी कांबळे स्वतः हसले, तेव्हा कुठं बाकीचे हसले.

*

आता थोडं घरचं. सासूबाईंना वाटायचं, सून गप्प म्हणजे सुनेला घर आवडलेलं नाही. त्यांनी पुष्कळ उपाय केले. एकदा तर माझ्या आवडीची म्हणून आठवडाभर वांगी केली. (आवडीची नव्हती. पण ते सांगायचं म्हणजे बोलायला हवं!)

मी पहिल्यांदा आपणहून बोलले ती पैलवानांच्या सासऱ्यांची गोष्ट. सासूबाई इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. तेव्हापासून मी घरी पाऊल टाकलं की चहाच्या आधी प्रश्न, "आज काय केलं तुझ्या पैलवानानं?" आमचे हे तक्रार करायचे, "मी पण ऑफिसातनं आलोय!" त्यावर सासूबाई, "तुझ्या हापिसात हाय कोण सांगण्यासारखं?"

एकदा संध्याकाळी उचगावच्या बसमधून मी आणि पैलवान बरोबरच उतरलो. त्यांचं घर आमच्या पुढं. आमच्या गल्लीतून सरळ गेलं, तालमीवरून, की आलंच. पण गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. "वैनी, तुमी व्हा म्होरं. मी तिकडनं येतो."

'तिकडनं' म्हणजे दोन गल्ल्या, एक बोळ आणि उकिरडा ओलांडून!

घरी सांगितलं, तर या खेपेला सासूबाई हसल्या नाहीत. "किती वर्सं झाली, हा गडी तालमीवरनं गेला न्हाई. तालमीच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंय. वाईट न्हाईत ती माणसं, पर बघितलं की इचारणार, 'पैलवान, काय करालाय सध्या?' काय सांगंल त्यो? ज्या तालमीत ह्याचा फोटो लावलाय, तिच्याच दारात?"

आमच्या खिडकीच्या बरोबर समोर तालीम. मी त्या कट्ट्याकडे बघितलं. दोन म्हातारे दाणे खात बसले होते. असल्या गरीब माणसांना भिऊन एवढा मोठा माणूस उकिरड्यावरून जातो, हे आधी मला खरं वाटेना.

*

शेवटी तो दिवस आला. शिरोलीहून जाधव शेठ येणार, माणसं बघणार, साचे करून घेणार, समोर रस ओतून घेणार.

आदल्या दिवशी माती मळायचं काम मास्तरांनी पैलवानांना दिलं. यात नवल नव्हतं. माती, थोडी चिकणमाती, कोळशाची पूड आणि पाणी, एवढंच तर असतं आणि ते पैलवानांना चांगलं येत होतं. मास्तर बिनघोर घरी गेले.

सकाळी शेठ आले. बुटका, गोरा, तोंडात पान. एकेकाचा साचा बघितला. भट्टी पेटलेली होतीच. मास्तरांनी स्वतः पळी उचलली आणि पहिल्या साच्यात रस ओतला.

आधी फुसफुस. मग पिवळसर वाफ. आणि मग सगळ्या शेडमध्ये असा काही वास सुटला, की साहेबांपासून मुंगळ्यांपर्यंत सगळे दाराशी जमा झाले.

शेठनं डोळे मिटून वास घेतला. "मास्तर, कढी केलीया व्हय कुणी?"

मास्तरांचा चेहरा भुवया नसतानाही बघण्यासारखा झाला. "हिंदुराव! मातीत काय घातलंस?"

"ताक," पैलवान म्हणाले. "हळद. लिंबू. थोडं तेल."

"का?"

"मोठी कुस्ती असली की हौद्याला घालतात की. एरवीचं एरवी. पर एवढा मोठा पावणा येणार, तर माती उपाशी कशी ठेवायची?"

साचे उघडले. जी वस्तू गुळगुळीत निघायला हवी होती, ती निघाली आंबोळीसारखी जाळीदार! शेठनं एक उचलून उन्हाकडे धरली. आरपार दिसत होतं.

शेठ इतके हसले की पानाचा ठसका लागला. "कास्टिंग गेलं पैलवान. पर भूक लागली बघा!"

बाकीच्यांसाठी घाईघाईनं दुसरी माती मळली. पैलवान तिला हात लावायला पुढं झाले नाहीत. कोपऱ्यात उभे होते. सगळ्यांच्या परीक्षा पुन्हा झाल्या. ते कोपऱ्यातून बाहेर आलेच नाहीत, आणि त्या गडबडीत कुणी त्यांना हाकही मारली नाही. संध्याकाळी बघितलं तर त्यांचे बूट घमेल्याशेजारी नीट पुसून ठेवलेले. माणूस गेलेला.

*

त्याच दिवशी शेठना कामगारांची हजेरी ठेवायला टाइमकीपरही हवा होता. त्यासाठी कांबळे आत गेले. आता हे इंटरव्ह्यू माझ्या टेबलापलीकडे, एका पडद्याआड. म्हणजे मला ऐकू येणं भागच होतं!

प्रश्न झाले. उत्तरं झाली. मग शेठ म्हणाले, "बरं, ठीक आहे. आम्ही—"

"शेठ," कांबळ्यांचा आवाज आला, एकदम मऊ. "कळवू नका. आत्ताच सांगा. नाही असलं तरी चालेल, पण तोंडावर सांगा. मग मी चहा पिऊन जातो."

पडद्याआडून, खिडकीबाहेर पान थुंकल्याचा आवाज आला.

"चा मागवा," शेठ म्हणाले. "दोन. आणि सोमवारी सुट्टी असती आमच्यात, तवा मंगळवारी या."

*

पैलवान शाळेत येईनात. शेवंता म्हैस घेऊन यायची, साहेबांना पेला भरून द्यायची, आणि लगेच म्हैस वळवायची. साहेब ते दूध औषधासारखं प्यायचे.

शेवटी कांबळे त्यांच्या घरी गेले. पुढची हकिगत मला शेवंतानं सांगितली. पैलवान गोठ्यात म्हशीशेजारी बसलेले.

"हरलो मी," म्हणाले.

कांबळे इस्त्रीच्या पँटनिशी तिथंच शेणाच्या जमिनीवर टेकले. (ही पँट सगळ्या शाळेला माहीत होती. ही बातमीच होती!) म्हणाले, "शेठ तुम्हाला 'कळवू' म्हणाले का?"

"न्हाय. हसलं."

"मग हरलात कुठं? 'कळवू' म्हणजे पाठ टेकली. हसले म्हणजे कुस्ती चालू आहे. या विषयात मी दहा वर्षं काढली आहेत पैलवान, माझं ऐका. मी शेठना विचारलंय. या, म्हणालेत."

मग पैलवान, कांबळे आणि मास्तर शिरोलीला गेले. मी काही तिथं नव्हते. कांबळे एक सांगतात आणि मास्तर दुसरं. दोघांचं जुळतं तेवढं लिहिते. पैलवानांनी वाकून माती कपाळाला लावली. मग बूट घातले. मग नुसत्या पाण्यानं माती मळली. मूठ वळून बघितली, मोडून बघितली. मधेच थांबले. मास्तरांना वाटलं, आता खिशातनं लिंबू काढतोय!

नाही काढलं.

साचा उघडला. स्वच्छ. शेठनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मंगळवारपास्नं या. डबा घरनं आणायचा. मातीत शिजवायचं न्हाय!"

शेवंतानं त्या दिवशी सगळ्या शाळेला दूध पाजलं. साहेबांनी दोन पेले घेतले. "आणि वैनी, कसली सोय बघा," ती मला म्हणाली. "शिरोलीची बस अगदी आमच्या दारात थांबती. घरातनं निघालं की बसमधी. चालायचं म्हणून कामच न्हाय!"

*

मंगळवारी सकाळी मी खिडकीशी केस विंचरत होते. सासूबाई मागं चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. गल्ली नुकती जागी होत होती. तालमीत आत बैठका चालल्या होत्या, त्यांचे हुंकार ऐकू येत होते. कट्टा रिकामा.

आणि गल्लीच्या पलीकडच्या टोकाकडून, आपल्या घराच्या बाजूनं, पैलवान आले. खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्यावर टोपी, हातात डबा, पायात ते काळे बूट. मधोमध रस्त्यानं, अगदी सावकाश.

तालमीसमोर आले. कट्ट्यावर कुणी नाही. पैलवान खोकले. आत हुंकार चालूच. ते पुढं गेले, कोपऱ्यावर पोचले, थोडं थांबले.

आणि वळून परत आले.

या खेपेला मोठ्यांदा खोकले. तालमीतून कुणी डोकावलं नाही. मग ते कट्ट्याशी वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. ती बांधलेलीच होती. सोडली, आणि पुन्हा बांधली.

तिकडे लांबून बसचा हॉर्न ऐकू आला.

मी मागं वळून बघितलं. सासूबाई पिठाच्या हातानं माझ्यामागं उभ्या राहून बघत होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. या घरात येऊन वर्ष होत आलं होतं, पण माझा आवाज आजवर कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता.

मी खिडकी सताड उघडली, गजांना तोंड लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"ओ पैलवान! काय करालाय सध्या?"

तालमीतले हुंकार थांबले.

पैलवान ताठ उभे राहिले. उत्तर दिलं ते माझ्याकडे बघून नाही, तालमीच्या दाराकडे बघून. "ड्यूटीवर चाललोय वैनी! शिरोलीला!"

दारात एक डोकं आलं. मग दुसरं. मग खांद्यावर पंचा टाकलेले म्हातारे वस्ताद बाहेर आले. त्यांनी पैलवानांना बुटांपासून टोपीपर्यंत नीट बघून घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं बस घरघरत निघून गेली.

"अरं हिंदुराव," वस्ताद म्हणाले, "शिरोलीची बस तर तुझ्या दारातनं जाती की रं!"

"जाती की!" पैलवान म्हणाले, आणि डबा कट्ट्यावर ठेवून खाली बसले.